मतलबी कोण ते शेवटच्या पापडाला

आमच्या घरमालकिणीच्या ओसरीवर चिखलाच्या पायांनी गेलेलं चालायचं, विडी ओढत बसलेलं चालायचं. एकदा कुणाची तरी शेळी चढून खाटेवर बसली होती, तीही चालली. पण ‘मतलबी’ हा शब्द तोंडात घेऊन कुणी ओसरी चढलं, की त्याची धडगत नसे.

गल्ली तिला जिजी म्हणायची, म्हणून आम्हीही जिजी म्हणायचो. शहाद्यातून लोणखेड्याकडे निघालं की गाव संपायच्या जरा अलीकडे ती गल्ली. मी लोणखेड्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. म्हणजे प्रयोग मुलं करतात, मार्क प्राध्यापक देतात आणि नळ्या मी धुतो. घरी ही गोष्ट सुरू केली की लेक म्हणते, “पप्पा, पापडवाली ना? ऐकलीय.” तरी बसते. तिची आई मात्र मध्येच उठून स्वयंपाकघरात जाते, कारण गोष्टीत तिचा हात मोडतो तो भाग मी थोडा रंगवून सांगतो.

खोल्या बघायला पहिल्यांदा गेलो, तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मी मूळचा तळोद्याचा. अहिराणी माझ्या तोंडातच बसलेली. पण सोबत नवी बायको, तीही सांगलीकडची; म्हणून मी ठेवणीतलं मराठी काढलं.

“वा! अंगण काय सुरेख सारवलंय. आणि तुळस किती डवरलीय! अशी घरं हल्ली बघायला मिळत नाहीत हो.”

जिजी खाटेवर बसून लाल मिरच्यांची देठं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, “मतलब?”

“अं?”

“मतलब सांगा सायेब. तुयस मी रोज देखस.”

“नाही, ते... खोल्या भाड्याने द्यायच्यात असं कळलं...”

“हां. मंग बठा.” तिनं मिरच्यांचं सूप बाजूला सारलं आणि पदराने खाट झटकली. बायको तोंडाला रुमाल लावून हसत होती. मला वाटलं, मिरच्यांचा ठसका लागला असेल.

पुढे समजलं, की जिजीकडे सगळ्यांना हाच कायदा. आल्याआल्या आपलं काम सांगेल त्याला खाट. आधी तब्येत, मग पाऊसपाणी, मग पिकाचे भाव आणि जाता जाता “बरं जिजी, एक काम होतं,” असं करणारा उभाच राहायचा. मोठे मोठे लोक तिनं उभे ठेवलेले मी पाहिलेत. एका निवडणुकीत एक उमेदवार आला आणि थेट पायांवर वाकला.

“आशीर्वाद द्या, जिजी.”

“आशीर्वाद पाहिजे का मत?”

मागे कार्यकर्ते उभे. उमेदवार वाकलेलाच. शेवटी हळूच म्हणाला, “मत.”

“मंग पाय सोड. पायमा मत नही ऱ्हास. बठ खाटवर न सांग, गटारनं काय करशी?”

तिच्याकडे एक बोका यायचा. काळा, कानाला खाच पडलेला. दूध हवं असलं की समोर येऊन तोंडावर ओरडायचा, प्यायचा आणि मागे न बघता चालता व्हायचा. जिजीला त्याचं भारी कौतुक. “देखा,” मला म्हणायची, “मांजर मतलब सांगस. कुत्रं शेपूट हालाडस. मन्हं मांजरसंगे जमस.”

तसं पाहिलं तर आपल्या भाषेत या कामासाठी शब्दांना तोटा नाही. आपमतलबी आहे, ऐतखाऊ आहे, आपल्या पोळीवर तूप ओढून घेणारे आहेत, दुसऱ्याच्या चुलीवर भाकरी भाजणारे आहेत. मी एकदा शहाणपणा करून ‘संधिसाधू’ हा शब्द पुढे केला. जिजीनं तो जिभेवर ठेवून पाहिला, नाक मुरडलं. “हाऊ पेपरवाला शब्द शे. माणूसले लागत नही. मतलबी म्हना, मंग लागस. हाडले लागस.”

हाडाला लागतो, म्हणूनच तिनं त्या शब्दाला राखण बसवली होती. तिच्यासमोर कुणी कुणाला मतलबी म्हटलं, की लगेच सवाल यायचा, “तुन्हा काय मतलब व्हता?” तिचं म्हणणं साधं होतं. हा शब्द माणसाच्या तोंडातून निघतो कधी? त्याचा स्वतःचा मतलब बुडाला की. न बुडता कुणी कुणाला मतलबी म्हणत नाही.

पलीकडच्या घरातले एक काका आले होते रागारागात. “जिजी, भाऊ मन्हा मतलबी शे. ट्रॅक्टर मांगं, दिधं नही.”

“कसाले पाहिजे व्हतं?”

“मन्हं वावर नांगराले.”

“मंग मतलब कोना?”

काका आले तसे गेले. मी खुर्चीत बसून मनापासून हसलो. आठवडाही झाला नसेल, मी कॉलेजातून तणतणत आलो आणि ओसरीवरच म्हणालो, “आमचे विभागप्रमुख म्हणजे एक नंबरचे मतलबी!”

जिजीनं नुसतं पाहिलं. मला सवाल कळला.

“सुट्टी मागितली होती,” मी म्हणालो. “भाच्याचं जावळ होतं तळोद्याला.”

“म्हंजे तुम्ही गावले जेवाले जातस, न नया त्यास्नी धोवानी?”

नया म्हणजे नळ्या. त्यानंतर मी कुणाला मतलबी म्हणायच्या आधी जिजी घरात आहे का ते बघायचो.

आता पापडांकडे येतो, कारण गोष्ट तिथंच आहे.

आमच्या गल्लीत उन्हाळ्याचे उडदाचे पापड कुणी एकट्यानं करत नसे. आज एकीच्या घरी सगळ्या, उद्या दुसरीच्या घरी सगळ्या. प्रत्येकीचा नंबर लागायचा. ज्या घरी नंबर, तिचं पीठ, तिचं तेल. आणि हात सगळ्या गल्लीचे. पोळपाट-लाटणं आपापलं काखेत मारून न्यायचं. पंखा बंद, कारण पंख्यानं लाट्या सुकतात. त्यामुळे शहाद्याच्या मे महिन्यात एका खोलीत दहाबारा बायका घामानं निथळत, कुणाकुणाच्या सासवांचा उद्धार करत लाटत बसलेल्या. गप्पांसाठी तरी जावं असा तो प्रकार. पोरं दारात लाटी मागत उभी. कच्ची लाटी तेलात बुडवून खाण्याचं सुख ज्यानं घेतलं नाही, त्याला मी काय सांगणार?

पण या व्यवस्थेत एक भोक होतं. ज्या घराचा पहिला नंबर, त्या घरचे पापड पहिल्या दिवशी डब्यात. मग त्या बाईनं उरलेल्या घरी जायलाच हवं असं कुठं आहे? जावं, ही रीत. गेली नाही तर तिचे पापड कुणी डब्यातून काढून घेत नाही.

आम्ही राहायला यायच्या बऱ्याच आधी एकीनं तसं केलं होतं. पहिला नंबर घेतला, सगळ्या गल्लीकडून पापड लाटून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. माहेरी, चिंचपाड्याकडे. ती सांगायची की वडील आजारी होते. खरं-खोटं कुणी बघायला गेलं नाही. त्या दिवसापासून ती ‘मतलबी वैनी’ झाली, ती झालीच. एव्हाना तर त्यात राग वगैरे काही उरला नव्हता. ते नुसतं नाव झालं होतं, जसं कुणी ठाण्यावाले काका, कुणी पंपावाल्या मावशी. पार्सलवाला गल्लीच्या तोंडाशी थांबून विचारायचा, “मतलबी वैनीच्या शेजारचं घर कुठलं?” आणि ती स्वतः फोनवर सांगायची, “हां हां, कोणलेबी इचार, मतलबी वैनीनं घर!” आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची.

जिजीनं त्यानंतरच कायदा केला म्हणतात. हंगामातला शेवटचा पापड लाटून होईपर्यंत कुणी कुणाला मतलबी म्हणायचं नाही. माणसाला परत यायला वेळ द्यायचा. शेवटच्या पापडाला जिजी स्वतः सगळ्यांसमोर विचारणार, यंदा मतलबी कोण. ज्याला सांगायचं त्यानं तोंडावर सांगायचं आणि आपला काय मतलब होता तेही सांगायचं. शेवटचा नंबर दरवर्षी जिजीचाच. आम्हाला वाटायचं, मोठी बाई, मोठं मन. सगळ्यांचं झाल्यावर स्वतःचं.

आम्हाला येऊन वर्ष झालं होतं त्या उन्हाळ्यात गल्लीनं माझ्या बायकोला पहिला नंबर दिला. नवीन म्हणून. ती इतकी खूश, की आदल्या दिवशी तिनं साड्या धुऊन ठेवल्या पापड वाळवायला. वर्षभरात तिला गल्लीत कुणी खास विचारलं नव्हतं. भाषा वेगळी, ही ‘आहे’ म्हणणार, त्या ‘शे’ म्हणणार. पापड झाले. जरा जाडे झाले, कडांना चिरा गेल्या, पण झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून वाळलेले पापड काढून उतरताना तिचा पाय सरकला. पापड वाचले. उजवं मनगट मोडलं.

ती प्लास्टर घालून रिक्षातून उतरली तेव्हा गल्ली ओट्यांवर आली होती. कुणी काही बोललं नाही, कारण बोलायचं नाही असा कायदा. पण न बोलणंही ऐकू येतं. एक मावशी आल्या, “अरेरे” म्हणाल्या आणि बोटाच्या मागल्या बाजूनं प्लास्टरवर टकटक करून गेल्या. दुसरी म्हणाली, “पापड डब्बामा भराई ग्यात ना? मंग ठीक शे.”

इथं मी घोळ केला. गल्लीला खात्री पटावी म्हणून मी एक्स-रे आणला आणि गॅलरीतल्या कपड्यांच्या तारेला दोन चिमटे लावून, रस्त्याकडे तोंड करून, टांगला. ऊन मागून येत होतं. हाडातली चीर अगदी ओट्यावरून दिसत होती. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला पुराव्यावर फार भरोसा असतो. संध्याकाळपर्यंत गल्लीचा निकाल लागला होता. खरं असतं तर टांगलं असतं का?

“काढा तो एक्स-रे,” बायको म्हणाली. “आधी काढा.” मी काढला. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. “मी आयुष्यभर हेच नाव घेऊन राहायचं का या गल्लीत? उद्या लेकरू झालं तर त्याला काय म्हणतील, मतलबीचं पोर?”

मी म्हणालो, “अगं, शब्दानं काय होतं?” वर्षभर जिजीच्या ओसरीवर बसून मी हे शिकलो होतो. तिनं प्लास्टरचा हात उगारला. त्याला वजन असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमचा पोळपाट काखेत मारला आणि ज्या घरी नंबर होता तिथं जाऊन दारात उभा राहिलो. आतली लाटणी थांबली.

“काय व्हयनं सर?” घरची बाई म्हणाली.

“मतलब सांगतो,” मी म्हणालो. “बायकोच्या बदल्यात आलोय.”

खोलीत हसू फुटलं. एक बाई तर पोळपाटावर डोकं टेकवून हसली. मी लाटलेला पहिला पापड हातोहात खोलीभर फिरला. कुणी म्हणालं गुजरातचा नकाशा आहे, कुणी म्हणालं नाही, तो धडगावचा घाट आहे. दुसऱ्या पापडानंतर माझ्याकडून लाटणं काढून घेण्यात आलं आणि मला मागच्या पडवीत पीठ कुटायला बसवलं. पापडाचं पीठ तेलाचा हात लावून लावून मुसळानं कुटावं लागतं. ताणलं की तुटू नये, तार यावी. त्याला दंड लागतो. बायकांचे दंड त्यातच जायचे. त्या उन्हाळ्यात गेले नाहीत, कारण कॉलेजला सुट्टी आणि मी हजर. एकेका घरचं करत अख्ख्या गल्लीचं पीठ मी कुटलं. तिसऱ्या दिवसापासून बायका मला हसायच्या थांबल्या आणि नुसतं “सर, अजून थोडं,” म्हणायला लागल्या. चौकातले पुरुष मात्र थांबले नाहीत. “काय सर, आज कोना घर?” मी जेवताना घास उचलायचो तो दोन्ही हातांनी. घरात आता धड हात कुणाचाच उरला नव्हता.

आणि शेवटी जिजीचा नंबर आला.

त्या दिवशी गल्लीतली एकही बाई घरी नव्हती. जिजी मधोमध बसलेली, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून पिठाच्या वळकटीच्या लाट्या कापत होती. दोरा सरकला की लाटी टपकन परातीत. बायको गळ्यात हात अडकवून बाहेर ओट्यावर, डाव्या हातानं वाळते पापड उलटत, कावळे हाकत. मी पडवीत मुसळ घेऊन. दुपार कलली. जिजीनं शेवटची लाटी स्वतःच्या पोळपाटावर घेतली, लाटली, आणि लाटणं आडवं ठेवलं.

“सांगा आते. यंदा मतलबी कोण?”

मी पडवीतून कान दिले. दरवर्षी म्हणे या सवालानंतर खोकले यायचे, कुणी पाणी मागायचं, आणि संपायचं. त्या वर्षी मतलबी वैनी बोलली.

“मी सांगस.” तिनं हनुवटीनं बाहेर दाखवलं. “ह्या मॅडम. पहिला नंबर लिधा, पापड भरी लिधात, न दुसरा दिन हात गयामा बांधी लिधा.”

बायको दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा मी बघू शकलो नाही.

“तिना नवरा उना ना बठ्ठास्ना घर?” जिजी म्हणाली. बठ्ठास्ना म्हणजे सगळ्यांच्या.

“उना. याना पापड देखात का तुम्ही? मन्हा घर एक शे. भाजा तं मधमा जळस न कडले कच्चा ऱ्हास.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो, कारण पापड तसाच होता. जिजी हसली नाही.

“तुन्हा काय मतलब व्हता?”

“पापड लाटाना.”

“तुन्हा पापड लाटाई ग्यात. खरा मतलब सांग.”

 हातातली लाटी वैनीनं बोटांत चेपली, परत गोल केली, परत चेपली. मग खाली बघत म्हणाली, “जिजी, हाई नाव दुसरीले लागनं तं मन्हं सुटी. पोरगीनं लगन जमाडी ऱ्हायनू. सोयरा घर इचारत येतीन. गल्ली काय सांगी त्यास्ले? मतलबीनं घर?”

आता कुणी हसलं नाही. इतकी वर्षं पार्सलवाल्याला सांगताना हसणारी ती बाई, आणि तिच्याबरोबर हसणारे आम्ही. खोलीत घामाचा आणि हिंगाचा वास होता. मला वाटलं, आता जिजी काय करणार? एकीचं नाव सोडवायचं तर ते दुसरीच्या कपाळी मारायला हवं, आणि ती दुसरी माझी बायको.

“जिजी, मी बोलू का?” बायको दारातूनच म्हणाली.

“बोला मॅडम.”

“सगळ्यांत मतलबी तुम्ही.”

मी पडवीतून उठलो. भाड्याच्या खोल्या शहाद्यात कुठे कुठे रिकाम्या आहेत, ते माझ्या मनात झरझर येऊन गेलं.

“पहिल्या घरी सगळ्यांचे हात कच्चे असतात,” बायको सांगत होती, तिच्या सांगलीच्या मराठीत, न अडखळता. “म्हणून माझे पापड जाड झाले. मग दर घरी हात बसत जातो. तुमच्याकडे येईपर्यंत एकेकीचा हात असा तयार, की पापड बघा.” तिनं ओट्यावरच्या साडीकडे बोट केलं. पापडांच्या खालून साडीवरची फुलं दिसत होती, पाकळ्यांसकट. “आणि आज घरी बसायची कुणाची टाप आहे? आजच तर तुम्ही विचारणार. सगळ्यांना शब्दाचं भय घातलंत, आणि स्वतः शेवटचा नंबर घेतलात.”

बायका साडीकडे बघत होत्या. मग एकमेकींकडे. आपण इतकी वर्षं ज्याला मोठं मन समजत होतो, त्याच्यात काय होतं ते एकेकीच्या डोक्यात शिरत होतं. शेवटी सगळ्यांनी जिजीकडे पाहिलं.

जिजीनं पायाच्या अंगठ्याचा दोरा सोडला. हळूहळू, गुंडाळत. कायदा तिचाच होता, आणि तो तिला सोडता येत नव्हता.

“बरं. मंग तुमना काय मतलब व्हता? जो मन्हाकडथून बुडना?”

बायको एवढा वेळ धडाधड बोलली होती, ती इथं अडखळली.

“सकाळी तुम्ही गल्लीत उभं राहून सगळ्यांना हाका मारता. नावानं. ‘ऊठ व, पीठ वाळी ऱ्हायनं,’ म्हणून. माझ्या दाराशी आलात की कडी वाजवता. आणि ‘मॅडम’ म्हणता.” तिनं गळ्यातली पट्टी सारखी केली. “मला पण हाक पाहिजे होती.”

‘मॅडम’ म्हणतात याचा मला वर्षभर अभिमान वाटत होता. मी गावाकडे पत्ता सांगताना म्हणायचो, घरमालकीण फार मान देते.

जिजीचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, रडते आहे. मग आवाज फुटला. ती अशी हसली, की परातीतल्या लाट्या हलल्या. “कितला वरीस व्हयनात! एक बी बाईले समजनं नही. न तुले समजनं!”

‘तुले’ म्हणाली. मला ते दोन क्षणांनी कळलं. बायकोला तेव्हाच कळलं असावं, कारण तिनं डाव्या हातानं डोळे पुसायला सुरुवात केली होती.

“आइका,” जिजी म्हणाली आणि हसू पुसलं. “आजपाईन हाई नाव मन्हं. मतलबी जिजी. जिले पाहिजे व्हई तिनी मन्हा घर ई मागानं. फुकट नही देवाव.” मग वैनीकडे वळली. “तू जाय, पोरगीनं जमाड. सोयरा उनात तं सांग, मतलबी जिजीना शेजारले.” आणि बायकोला म्हणाली, “न पुढना साल शेवटना नंबर तुन्हा. देख तू बी चांगला पापडेसनी मजा.”

त्या वर्षी दिवाळीनंतर वैनीकडे सोयरे आले, पसंती झाली, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास लेकीचं लग्न लागलं. आम्ही जेवायला गेलो होतो. मला वाढपी म्हणून उभं केलं. दंड मजबूत आहेत म्हणे.

मग त्याच उन्हाळ्यातले पापडांचे दिवस आले. एकेका घरचे नंबर होत गेले, मी कुटत गेलो, कारण मुसळ एकदा हातात घेतलं की ते परत घेत नाहीत. आमचा नंबर जवळ आला तसं माझ्या लक्षात येऊ लागलं, की जिजीनं नाव आपल्याकडे घेऊन आमची पंचाईत करून ठेवली आहे. शब्दाचं भयच संपलं होतं. विचारणारं कुणी नाही, नाव लागायचं नाही. आता शेवटच्या घरी कुणी कशाला येईल? सगळ्यांचे पापड डब्यात. बाहेर ऊन मरणाचं.

हे मी बायकोला बोललो नाही.  सकाळी तिनं साड्या अंथरल्या, सतरंजी टाकली, पाण्याची कळशी भरून ठेवली आणि एकटीच आपला पोळपाट घेऊन भिंतीला टेकून बसली. मी पडवीत कुटायला लागलो. गल्लीला ऐकू जावं म्हणून जरा दणदणीत.

“हळू कुटा,” ती आतून म्हणाली. “दवंडी पिटल्यासारखं वाटतंय.”

मी हळू कुटायला लागलो. ऊन पायरीवर आलं, पायरीवरून उंबऱ्याला लागलं. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. बायकोनं एक लाटी घेऊन लाटायला सुरुवात केली. दरवाजाकडे ती मुद्दाम बघत नव्हती, एवढं मला दिसत होतं.

दार ढकलून पहिली आली ती वैनी. काखेत पोळपाट, हातात लाटणं, कपाळ घामानं डबडबलेलं. इतक्या वर्षांत ती कुणाकडे वेळेवर पोचल्याचं गल्लीला आठवत नव्हतं. आत येऊन बसलीसुद्धा नाही, उभ्या उभ्याच म्हणाली, “मतलब सांगी देस पहिले. जावाई उनात सकायमा, त्यास्ना नादमा मन्हा चहा ऱ्हाई ग्या.”

“बसा वैनी, बसा,” बायको अशी उठली की लाटणं घरंगळत भिंतीला जाऊन थांबलं. “बघत काय बसलात?” हे मला. “दूध आणा!”

मी मुसळ ठेवून पिशवी शोधायला लागलो. बाहेर गल्लीत बोलणी ऐकू येत होती, चपला वाजत होत्या. किती जणी ते कळत नव्हतं. काही आल्या, दोघी-तिघी आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत ते दिवसभर कुणी विचारलं नाही. मी पायरी उतरत होतो तेवढ्यात कोपऱ्यावरून, अजून दिसायच्या आधी, जिजीचा आवाज आला. माझ्या बायकोचं नाव घेऊन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा:

“चहा टाकी ऱ्हायनी का व? मन्हा बी टाक!”